पाळण्याची दोरी

रेकॉर्डिंगच्या खोलीत गाणी कमी आणि किस्से जास्त साठतात. गाण्यांचा निदान बॅकअप तरी घेतो. किस्से आपले रोज चहाबरोबर पुन्हा वाजतात. लातुरात एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर आमची खोली. कॉम्प्युटरवर मी, पेटीवर निवृत्तीकाका.

काका भूकंपात पडलेल्या गावचे. तेव्हापासून घरात झोपत नाहीत. मुलीनं पक्कं घर बांधून दिलं, तरी खाट अंगणातच. पाऊस आला की डोक्यावर ताडपत्री! ओली अंथरुणं वाळवून काकू मेटाकुटीला आलेल्या.

*

नव्या सिंथमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एलएफओ नावाची सोय होती. काकांना समजावलं, "हा स्वतः वाजत नाही. दुसऱ्या आवाजाला हलवत राहतो. रेट म्हणजे किती वेगानं, डेप्थ म्हणजे किती लांब."

"म्हंजी पाळण्याची दोरीच की रं!"

आणि मी दोन दिवस मॅन्युअल वाचत बसलो होतो! तेव्हापासून आमच्याकडे त्याला 'दोरी'च म्हणतात.

*

खालच्या क्लासच्या सरांची जिंगल होती. 'पहिला नंबर' या शब्दांमागच्या सुराला मी दोरी लावली. सर दचकले.

"आमचा नंबर वर-खाली हून राहिला की! फक्त वर जाऊ द्या."

मी दोरीच्या लाटेचा आकार बदलला. आता सूर चढत चढत गेला आणि धाडकन खाली आला.

"ओ, हे तर लईच वाईट!"

शेवटी दोरी काढूनच टाकली. सर खूश. "हां! आता निकाल पक्का हाय."

*

नांदेडच्या बँडवाल्याला लग्नाचा ट्रॅक करून दिला, मुद्दाम लहरणाऱ्या आवाजाचा. दुसऱ्या दिवशी फोन.

"साहेब, तुमच्या गाण्यात करंट कमी-जास्त हून राहिला. नवा स्टॅबिलायझर आणला, तरी तसंच!"

*

मग एकदा माझी चूक झाली. एरवी दबकाच ठेवलेला खर्जाचा सूर दोरीनं मोठा-बारीक करत होतो. डेप्थ पूर्ण, मोठे स्पीकर चालू. खिडकीची तावदानं थडथडली.

काका पेटी टाकून अनवाणी जिना उतरले. रस्त्यापर्यंत पोचले, आणि परत वर आले. मला न्यायला!

"चल भायेर!" माझं मनगट ओढत होते. दुसऱ्या हातानं मी आवाज बंद केला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आठवडाभर काका आले नाहीत.

*

आले ते थेट माझ्या खुर्चीत बसले. "तोच आवाज लाव. दोरी माझ्या हातात दे."

"कशाला, काका?"

"दे म्हन्लं नं!"

त्यांनी डेप्थचं बटण फिरवलं. तावदानं थडथडली. उलटं फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं. पुन्हा थांबली. किती वेळ ते हेच करत होते. चहा निवून गेला.

"थांबतंय की," एवढंच म्हणाले आणि चपला घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काकू जिना चढून आल्या, पदरानं घाम टिपत.

"काय केलाव रं ह्येन्ला? काल सोताहून खाट आत घेतले!"

काका पेटीचा भाता मारत होते. मान वर करेनात.

"अन् आता घरभर घोरतेत! तुजी ती दोरी दे बरं मला, जरा बारीक करती!"