हिंगोलीचं फ्रेंच

हिंगोली जिल्ह्यात फ्रान्सबद्दल ज्याला काही माहीत आहे त्याला ते आमच्या फ्रेंचच्या सरांनी सांगितलेलं आहे, आणि ज्याला काहीच माहीत नाही तो अजून त्यांच्या तावडीत सापडलेला नाही. सर मूळचे शिरड शहापूरचे. घरी शेती, दावणीला शेळ्या आणि अंगावर कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. आमच्या शाळेत ते आठवीपासून बारावीपर्यंत फ्रेंच शिकवत. आमच्या आईबापांनी हा विषय घ्यायला लावला तो मार्क पडतात म्हणून. सरांना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. "मार्कांसाठी आले ना? या. पन आता आलेच तर बसा निवांत," म्हणायचे.

फ्रान्समध्ये दुकानात शिरल्यावर आधी 'बोंजूर' म्हणायचं असतं. तसं न म्हणता एकदम वस्तू मागितली तर दुकानदाराला अपमान वाटतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते त्यांच्या जिवाला लागलं होतं. एखादी गोष्ट नुसती फळ्यावर लिहून मोकळं होणं सरांच्या स्वभावात नव्हतं. हळदीचा भाव विचारण्याआधी ते अडत्याला बोंजूर घालत, एसटीत चढताना कंडक्टरला, दवाखान्यात कंपाउंडरला. सुरुवातीला लोक मागे वळून बघत, की ही हाक दुसऱ्याच कुणाला आहे की काय. पुढे सवय झाली. डेपोजवळचा चहावाला तर सर लांबून दिसले की आपणच ओरडायचा, "बोंजूर सर, कट का फुल?" भाजीवाली मावशी मात्र व्यवहाराला पक्की. "मास्तर, तुमचं बोंजूर घेतलं, आता माही वांगी घ्या. सकाळधरनं बोहनी न्हाई." सरांना तिचा शब्द मोडवेना. फ्रान्सपायी त्यांच्या घरी आठवडाभर वांगीच शिजली.

फ्रेंच माणूस एकेक पदार्थ क्रमाने खातो आणि मधे गप्पा मारतो, हा धडा झाल्यापासून त्यांच्या घरी आधी काकडी, मग पिठलं-भाकरी, मग भात आणि चीजच्या जागी सगळ्यात शेवटी दही, अशी वाढणी सुरू झाली. दर वेळी ताट नवं. सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या आम्हाला सांगायच्या, "यांच्या फ्रान्सनं माही भांडी दुप्पट केली. घासायला कोन्ता फ्रेंच येऊन राहिला?" सर तेवढ्यात उठून एक ताट विसळायला घ्यायचे.

अकरावीत आमच्या फ्रेंचला 'मध्यम पातळी' असं भारदस्त नाव मिळालं. म्हणजे नेमकं काय, असं आम्ही विचारल्यावर सर म्हणाले, "पहिल्या पातळीवर मानूस पानी मागतो. मध्यम पातळीवर पानी पिल्यावर दोन शब्द बोलत बसतो." इतकी सरळ व्याख्या मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडली नाही.

याच सरांना एक धाकधूक होती आणि ती एकदा बारावीच्या तासाला बाहेर आली. शिकवता शिकवता ते थांबले आणि खडू खाली ठेवून म्हणाले, "पोरांहो, मी आजवर फ्रेंच मानसाशी एक शब्द बोललो न्हाई. माहे सर बी कधी बोलले नव्हते. ते पुस्तकातून शिकले, मी त्यांच्यापून, तुमी माह्यापून. आता समजा एखादा फ्रेंच मानूस भेटला आन् त्याला माहं कायच समजलं न्हाई, तर येवढी वर्सं मी काय शिकवून राहिलो?" मोबाइलवर फ्रेंच बोलणारे ढिगाने आहेत, असं कुणीतरी म्हणालं. सर म्हणाले, "त्यांचं मला समजते. माहं त्यांला समजते का, हे मोबाइल न्हाई सांगत." त्या दिवशी आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

त्याच वर्षी थंडीत एक फ्रेंच नवरा-बायको सायकलवर देश हिंडत सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्याने निघाले आणि नेमकी आमच्या शेताशी त्यांची सायकल पंक्चर झाली. सायकलला लावलेला झेंडा मी ओळखला, आमच्या पुस्तकाच्या कव्हरवर तोच होता. बाईंनी खुणेने पाणी मागितलं. बोंजूर अगदी माझ्या ओठांवर आलं, पण मी ते गिळलं. पहिला मान सरांचा. पाणी दिलं आणि गोठ्यामागे जाऊन फोन लावला. "सर, फ्रेंच माणसं आलीत."  सर एवढंच म्हणाले, "जाऊ नको दिऊ त्यांला."

बाबांनी पंक्चर काढायला मुद्दाम वेळ लावला. सर मोटारसायकलवर आले ते लग्नातला कोट घालून, मागे काकू, काकूंच्या मांडीवर डबे. बाईंनी आपल्या इकडच्या पद्धतीने हात जोडले, तर सरांनी त्यांच्या पद्धतीने हात पुढे केला. मग बाईंनी हात पुढे केला, तोवर सरांनी जोडले होते. शेवटी सरांनी खोल श्वास घेतला, "बोंजूर मादाम" म्हटलं आणि इतकी वर्षं मनात घोटलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं: आमच्या भागात आपलं मनापासून स्वागत आहे, प्रवासात आपल्याला काही तकलीफ तर झाली नाही ना?

 बाईंनी तोंडावर हात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. सरांचा चेहरा पार उतरला. मग बाई भराभरा बोलायला लागल्या. सरांनी सावकाश बोलण्याची विनंती केली, तेव्हा कुठे मलाही कळलं. बाईंचे आजोबा तिकडे एका खेड्यात शेळ्या पाळायचे. ते अगदी असंच बोलायचे, असंच आदबीने, एकेक शब्द पुरा करून. आता तिकडे असं कुणी बोलत नाही. आजोबा गेल्यापासून हे बोलणं आजच कानावर पडलं, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

सर बाजेवर बसले. "भाऊ," ते बाबांना म्हणाले, "समजलं म्हनते ती. समदं समजलं म्हनते."

बाबा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. "आता समजंन न्हाई तर काय," ते म्हणाले, "तिचीच भाषा हाय ना ती."

मग काकूंचे डबे उघडले. सर क्रमाने काकडी वाढत होते आणि पाहुणे मात्र मांडी घालून सगळं एका ताटात मागत होते. काकूंना ते दोघं फार आवडले.

आता मी पुण्यात शिकते. सर यंदा निवृत्त होत आहेत आणि त्यांच्यामागे शाळेत फ्रेंच राहील की नाही, हे कुणी सांगत नाही. इथे मी मोबाइलवर एका फ्रेंच मुलीशी बोलायचा सराव करते. पहिल्याच दिवशी ती खो-खो हसली, म्हणाली, तू म्हाताऱ्या माणसासारखी बोलतेस. मी हे सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पन समजलं ना तिला?"

"सगळं समजलं, सर."

ती मुलगी मला अजून सांगते, बोलणं जरा आजचं कर. दुसरं काही सांगितलं तर मी ऐकते. पण कुठल्याशा खेड्यातल्या त्या शेळ्या पाळणाऱ्या आजोबांचं बोलणं त्यांच्या गावात उरलं नाही, ते आम्हा हिंगोलीच्या पोरांकडे आहे. सरांनी ते इतक्या मायेनं आमच्या हाती दिलंय की ते बदलायला माझं मन होत नाही.