मल्लूअण्णांचा डावा हात

देवणीचे मल्लूअण्णा भाड्याची गाडी चालवायचे. पण त्यांचा डावा हात कधी गप्प बसायचा नाही. गिअर टाकला की तो एसीच्या जाळीकडं जायचा. पट्टी वर, पट्टी खाली, मग शेजारच्या माणसाच्या छातीपुढं तळवा धरून अंदाज घ्यायचा. "गार हवा छताकडं धाडावी," ते म्हणायचे, "ती आपल्या पायानं खाली येती. मानसाच्या अंगावर सोडाया ती काय कुत्रं हाय?"

मला हा चाळा आवडत नसे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. नोकरी लागल्यावर आबांना, म्हणजे वडिलांना, दम्यासाठी लातूरला दाखवायचं ठरलं. एसटी नको म्हणालो, अण्णांची गाडी सांगितली. आबांना मानानं पुढं बसवलं आणि मागून हुकूम सोडला, "अण्णा, फुल करा. सगळी हवा आबांकडं."

अण्णांनी पट्टी वर केली. मी पुढं वाकून खाली केली. उदगीर येईपर्यंत असं तीनदा झालं. आबा खोकत होते. दमा आहे, खोकणारच, असं मला वाटलं.

"अण्णा, गाडी मी सांगितलीय."

"गाडी तुमचीच की साहेब. पर छाती त्येंची हाय."

मला राग आला. शिकल्या-सवरल्या माणसाला ड्रायव्हरनं शिकवायचं? "आबा, तुमीच सांगा. गार लागायलंय का?"

"न्हाई. बरं हाय," आबा म्हणाले आणि खोकल्यानं वाकलेच.

नळेगावच्या पुढं अण्णांनी गाडी बाजूला घेतली. "पोरगं कमवाया लागलं की बाप थंडीबी सांगत न्हाई, साहेब. इचारू नका. हात लावून बघा."

मी आबांचा हात धरला. बोटं गारठली होती. उपरणं त्यांनी मांडीखाली दाबून ठेवलं होतं. ते अंगावर घेतलं असतं तर मला वाईट वाटलं असतं ना!

"आबा, सांगायचं की!"

त्यांनी उपरणं काढून अंगावर घेतलं. मग म्हणाले, "काच उघडाया सांग. जीव कोंडायलाय."

अण्णांनी एसी बंद करून चारी काचा खाली घेतल्या. लातूरला उतरताना मी अण्णांशी माफीचे दोन शब्द बोलायला हवे होते. बोललो नाही. पदवी आडवी आली.

यंदा अण्णा गेले. आबांनीच फोनवर सांगितलं. म्हणाले, "लई जाणता मानूस. चुकलं म्हनून बोलला व्हतास न्हवं त्येंच्याशी, त्या दिसाचं?"

मी हो म्हणालो.