चुलीला लावलेला हात

त्यांनी कधी कुणाच्या दारात थांबून "येऊ का" असं विचारलं नाही. चपला बाहेर काढायच्या, वाकून चौकटीतून आत शिरायचं, थेट चुलीपाशी उकिडवं बसायचं आणि उजवा हात उलटा करून बोटांची मागची बाजू चुलीला लावायची. डोळे मिटून. मग एकच शब्द. "थंडी." किंवा, "गरम."

थंडी असली तर ते घर पास. गरम असली तर नापास. घरातल्या बाईला काय झालं हे कळायच्या आत साहेब पुढच्या दारात पोचलेले असायचे.

तुम्ही स्मृति नगरात राहत असाल तर त्यांना पाहिलं असेल. पहाटे बागेत हात मागे बांधून चालणारे, कुणाच्या नमस्काराला मानेनंच उत्तर देणारे. वर्ध्याकडचे. सारी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये, भट्टीच्या बाजूला. निवृत्त झाल्यावर इथले पेन्शनर भजनी मंडळात जातात नाहीतर डायबिटीसच्या गप्पा मारतात. हे एका विकास निधीचे प्रमुख झाले. खेड्यात कुणी उपाशी राहू नये आणि हाताला स्वतःचं काम मिळावं, यासाठी बाहेरच्या देणगीदारांनी उभा केलेला निधी. पावसाळ्याचे महिने सर्वात वाईट, म्हणून त्याच्या तोंडावर निवडलेल्या घरांना माणशी एक पोतं तांदूळ द्यायचा. कुणाला द्यायचा, हे ठरवायचे साहेब. एकटे.

मी दुर्गच्या रेल्वे कॉलनीतली. त्यांच्याकडे कामाला लागले कारण मला लिहिता येत होतं आणि मराठी येत होतं. मराठी त्यांना महत्त्वाचं वाटायचं. "हिंदीत माणूस लवकर खोटं बोलते," म्हणायचे.

हाताची सवय भट्टीवरची. भट्टीजवळच्या लोखंडात वीज उतरलेली असली आणि तळहात लावला तर मूठ आवळते, सुटत नाही. मागची बाजू लावली तर हात आपोआप मागे येतो. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी गाडीत समजावून सांगितलं, आणि वर म्हणाले, "माणसाले विचारशीन तर तो सांगीन मी उपाशी आहो. कलेक्टरले विचारशीन तर तो सांगीन कोणीच उपाशी नाही. चूल कोणाची नोकर नाही. सकाळी आठ वाजता जिची चूल थंडी, ते घर उपाशी. संपलं."

"पण सर, इथं सकाळी बासी खातात. रात्रीचा भात पाण्यात घालून. श्रीमंताचीही चूल सकाळी थंडच असते."

"मंग? थंडी ते थंडी."

एका गावात सरपंचाच्या घरी मातीची चूल थंड लागली. शेजारीच गॅसची शेगडी होती, तिच्यावर दूध उतू जात होतं. साहेबांनी शेगडीकडे पाहिलं, दुधाकडे पाहिलं आणि म्हणाले, "थंडी." सरपंच पास. बाहेर आल्यावर मी भांडले. ते शांतपणे चपला घालत होते. "नियम एकच. माणूस पाहून नियम बदलला का मंग आपण सरकार झालो."

हे मी विनोद म्हणून सांगते आहे असं समजू नका. हसायला येतं, हे खरं. आम्ही ऑफिसातही हसायचो. त्यांच्या गाडीत एसी बंद असायचा, कारण गरिबांच्या कामाला एसी कशाला. डबा घरून आणायचे आणि गावाबाहेर काचा वर करून खायचे, कारण उपाशी माणसासमोर खाऊ नये. गावात कुणाचा कपभर चहा त्यांनी कधी घेतला नाही. असा माणूस क्रूर असतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तो खात नाही, मग तो वाईट कसा?

बातमी पसरतेच. पुढच्या गावी पोचलो तर सगळ्या बायकांनी चुलींवर पाणी ओतून ठेवलेलं. साहेबांनी पहिल्या चुलीला हात लावला आणि पहिल्यांदाच हसले. "ओली आहे. थंडी नाही, ओली." अख्खं गाव नापास. त्यात खरोखर उपाशी किती होते ते त्यांनी पाहिलं नाही. परतताना गुणगुणत होते.

आता सुकवारोबद्दल.

शिवनाथ नदी ओलांडून पलीकडे गेलं की तिचं गाव. सुकवारो मुरमुरे भाजायची. त्या गल्लीतल्या सगळ्याच बायका भाजायच्या. मोठी लोखंडी कढई, तिच्यात नदीची वाळू तापवायची, वाळूत तांदूळ टाकायचे आणि खराट्यानं हलवत राहायचं. तांदूळ दुर्गच्या सेठचा. मुरमुरेही सेठचेच. हिच्या वाट्याला मजुरी, धूर, आणि जळलेले दाणे. घरात तिघी: ती, तिची सून आणि सुनेची मुलगी पुन्नी. मुलगा हैदराबादला कामाला गेला तो गेलाच. राशनकार्ड वेगळ्या झालेल्या थोरल्याकडे.

निधीचे तीन पोती तांदूळ मिळाले असते तर तिला दोन गोष्टी जमल्या असत्या. अर्धा खायचा आणि अर्ध्याचे स्वतःचे मुरमुरे भाजून स्वतः बाजारात बसायचं. सेठ सुटला असता. हे तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. बाजारात कुठल्या झाडाखाली बसायचं तेही ठरवलं होतं.

जेठातली, म्हणजे ज्येष्ठातली सकाळ. साहेब आत शिरले, बसले, हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला. चूल पहाटेपासून पेटलेली. बोटांवर फोड येताना मी पाहिला. त्यांनी फुंकरही घातली नाही. "गरम," म्हणाले. मग वर पाहिलं. मुरमुऱ्यांची पोती छपराला टेकलेली. "आणि घर भरून खायला आहे."

"ये सेठ के आय, साहेब," सुकवारो म्हणाली. "हमर नोहे."

"बोलो मत. दिखाओ."

हे त्यांचं नेहमीचं. मला मराठीत, "मले सांगू नोको, दाखव." गावात हिंदीत. सुकवारो उभी राहिली. जे आपलं नाही ते आपलं नाही, हे दाखवायचं कसं? तिनं तांदळाचा डबा उघडून रिकामा तळ दाखवला. साहेब म्हणाले, रिकामा डबा कोणीही दाखवतं.

मग तिनं पुन्नीला हाक मारली. पोरगी चार-पाच वर्षांची असेल, दारातून आमच्याकडे बघत होती. सुकवारोनं एका पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर गरम मुरमुरे काढले आणि तिच्यापुढे धरले. "ले, खा."

पुन्नीनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"खा ना वो."

पोरगी मागे सरकली. तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं, ते तिनं गिळलं, पण हात पुढे आले नाहीत. सेठच्या मालाला शिवायचं नाही, हे ती रांगायला लागल्यापासून तिच्या हातावर मारून मारून तिला शिकवलेलं होतं. सुकवारोनं मूठ तशीच धरून साहेबांकडे पाहिलं. दाखवा म्हणालात, दाखवलं.

साहेबांनी पाहिलं. नीट पाहिलं, मी शपथेवर सांगेन. मग उठले, धोतर झटकावं तशी पँट झटकली आणि म्हणाले, "शिस्त चांगली आहे."

गाडीत मी ओरडले. त्यांनी काच खाली केली.

"माही माय रिकामी चूल पेटवे," ते म्हणाले. "वरती काही नाही. नुसता धूर. शेजाऱ्यायले वाटलं पाहिजे का यायच्या घरी सयपाक होऊन राहिला."

"मग तुम्हाला माहीत आहे सर. गरम चूल म्हणजे अन्न नव्हे."

"माहीत आहे म्हणूनच. तिले कोणी देलं नाही. तिनं मागतलंही नाही. आमी मेलो का?"

मी वही मिटली.

"मधली बहीण गेली," ते बाहेर बघत म्हणाले. "पण ते तापानं गेली."

तेवढ्या वेळात मला त्यांच्याबद्दल माया वाटली. वाटली ती वाटली. पण पुढच्या वळणावर त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, पुढचं गाव घे, चुली विझायच्या आत पोचलं पाहिजे.

मी पत्रक काढलं. मरोद्यातल्या मैत्रिणीच्या खोलीवर रात्रभर टाइप करून, सकाळी स्मृति नगराच्या फाटकांवर चिकटवलं. नाव घातलं नाही, पण हाताचं सगळं लिहिलं. मला वाटलं कामावरून काढतील. ते पत्रकाची एक प्रत हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"चांगलं लिहितं व तू. पण हे सांगणं झालं. दाखवणं नाही झालं." आणि तो कागद घडी करून माझ्यासमोर ठेवला. "काढत नाही तुले. राग असलेला माणूस कामाले बरा असते."

पाऊस आला. सुकवारोचं छप्पर गळलं आणि सेठची पोती भिजली. भिजलेला मुरमुरा मातीमोल. सेठनं भरपाई म्हणून कढई उचलून नेली. कढई गेली की त्या गल्लीतल्या बाईकडे काही उरत नाही.

ती स्मृति नगरला आली, चिखलानं पोटऱ्यांपर्यंत भरलेली, ऑफिसच्या पायरीखालीच उभी. साहेब बाहेर आले.

"अब जुड़ा गे साहेब," ती म्हणाली. "आके छू लेव." आता चूल थंड झाली, येऊन हात लावा.

"सर्वे साल में एक बार होता है, बाई. जेठ में आएँगे."

"तब तक का खाबो?"

तोवर काय खायचं, या प्रश्नाची त्यांना लाज वाटली असं मला दिसलं नाही. ऑफिसच्या कोठीत तांदूळ होता. त्यांच्या खिशात किल्ली होती. मी ती मागितली. "एकीले देलं का उद्या पायरीवर शंभर उभ्या राहतीन," ते म्हणाले. आम्ही कर्मचाऱ्यांनी थोडा तांदूळ गोळा करून तिला दिला. साहेबांनी तो बघितला आणि अडवलं नाही. "तुमचा आहे तो, तुमी द्या," म्हणाले. दिवाळीनंतर सुकवारो सून आणि नात घेऊन वीटभट्टीवर गेली. कुठल्या, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

जेठात दोघी परतल्या. साहेब बोलल्याप्रमाणे गेले, बोलल्याप्रमाणे हात लावला. "थंडी." पास. सुनेनं तोंड भिंतीकडे केलं, आणि साहेब पुढच्या दाराकडे निघाले. घरात आता कोण नाही, हे त्यांनी विचारलं नाही. चुलीला ते विचारता येत नाही.

साहेब गेल्या हिवाळ्यात वारले. झोपेतच. शोकसभेला हॉल भरला होता. प्लांटमधले जुने सहकारी बोलले, देणगीदारांचा माणूस बोलला, प्रत्येकानं चहाच्या त्या न घेतलेल्या कपाचा उल्लेख केला. हजारो घरांपर्यंत अन्न पोचवणारा हात, असं कुणीतरी म्हणालं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं. मी त्यांना शेवटचं जसं पाहिलं ते तिथं सांगण्यासारखं नव्हतं. ते इथं सांगते.

त्याच वर्षी आषाढात वाटपाची गाडी सुकवारोच्या गल्लीत गेली. ओळीनं एकेक घर. साहेब गाडीमागे उभे राहून स्वतः विचारायचे, कितने आदमी, आणि तितकी पोती ड्रायव्हर उतरवायचा. सुकवारोचा नंबर आला.

"कितने?"

"तीन."

ड्रायव्हरनं तीन पोती तिच्या दारात टाकली. तेव्हा शेजारी उभा असलेला कोटवार, गावचा चौकीदार, हळूच म्हणाला, "पुन्नी तो भट्ठा म खतम होगे, साहेब."

साहेबांनी सुकवारोकडे पाहिलं. ती गोंधळली होती. चोरी पकडल्यासारखी नाही, झोपेतून उठवल्यासारखी.

"मोर मुंह ले तीन निकल गे, साहेब," ती म्हणाली. तोंडातून तीन निघून गेलं.

"कोई बात नहीं. दो," साहेब म्हणाले, आणि ड्रायव्हरला हात केला. "एक वापस."

ड्रायव्हर हलला नाही. त्यांच्याकडे पाठ करून टायर बघत उभा राहिला.

मी जवळ गेले. "सर, राहू द्या एक पोतं. मी भरते त्याचे."

"मेलेल्याले आपण धान्य नाही देत व. आज हिले देलं तर उद्या सारं गाव आपले मेलेले मोजीन."

गल्लीत सगळे बघत होते. साहेबांनी बाह्या वर केल्या आणि तिसऱ्या पोत्याचे दोन कान धरून ते चिखलातून ओढायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस. गाडीपर्यंत आणलं, पण वर उचलेना. एकदा गुडघ्यापर्यंत आलं आणि खाली पडलं. धाप लागून ते गाडीच्या फळीला टेकले, कपाळावरून घाम ओघळत होता. पुन्हा वाकले.

तेव्हा सुकवारो दारातून उतरली, चिखल तुडवत आली आणि तिनं पोत्याचं दुसरं टोक धरलं.

दोघांनी मिळून ते गाडीत चढवलं. "धीरे, बाई," साहेब तिला म्हणाले, "कमर में लगेगी."