पाचवा मेसेज

माझी स्कूटर आबांच्या नावावर होती. आमच्याकडे गाडी कुणी का चालवेना, कागदावर नाव बापाचंच. मोबाईल नंबर मात्र माझा दिला होता, कारण आबांना मेसेज वाचायचा कंटाळा आणि मी शिकलेली, शाळेत मास्तरीण. आबा वराळ्याहून कारखान्याच्या कामगारांची बस चालवायचे. आयुष्यात एकदाही पावती फाटली नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवत.

पहिलं ई-चलन आलं ते सिग्नल तोडल्याचं. शाळेची घंटा गाठायची होती, तोडला. फोटो उघडूनही न बघता दंड भरला, मेसेज पुसला. मिटलं! मी स्वतःला फार हुशार समजायचे. पुढची तीनही अशीच मिटवली. आबांना कळू नये, एवढीच धास्ती होती.

पाचवं आलं, तेही भरून टाकलं, आणि त्याच दुपारी स्टाफरूममध्ये एका सरांनी सहज सांगितलं, वर्षात पाच गुन्हे झाले की लायसन निलंबित होऊ शकतं.

"दंड भरला तरी?"

"भरला म्हणजे गुन्हा कबूल केला. गाडी दुसरं कुणी चालवत होतं, तर ते आधीच कळवायचं असतं."

कबुली मी दिली होती, आबांच्या नावाने. त्याच लायसनवर त्यांची बस चालत होती. त्यानंतर पोस्टमन गल्लीत दिसला की मी दार लावून घ्यायचे. आबा सकाळी बसची काच पुसताना गुणगुणायचे, तेही ऐकवेना.

नोटीस एका शनिवारी आली. "वाच गं," आबा म्हणाले, "काय म्हणत्यात?"

लायसन तीन महिने निलंबित का करू नये, याचा खुलासा मागितला होता. मी वाचलं आणि सगळं सांगून टाकलं. मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी फोटो मागितले.

पाचही फोटो ऑनलाइन सापडले. चष्मा लावून आबांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. त्यात मी, कानाला फोन, आणि शेजारी कंटेनरचं पुढचं चाक.

"ह्यो कंटेनर तुला दिसला व्हता का?"

"नाही."

"त्याच्या डायवरला बी तू दिसली नसशील. इतक्या जवळचं, खालचं, आमाला केबिनमधनं दिसत न्हाई."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"लायसन तीन म्हैन्यांनी परत येतं," ते म्हणाले आणि स्कूटरच्या किल्लीसाठी हात पुढे केला.