एकच हातमोजा

पुण्याहून निघाले तेव्हा बॅगेत दोन ड्रेस, प्रमाणपत्रांचा गठ्ठा आणि पोलादी कड्यांनी विणलेला एकच हातमोजा होता. ईटजवळच्या एका शिलाई कारखान्याला परदेशातल्या मुलांच्या कपड्यांचं काम मिळालं होतं. कापड कापणाऱ्यांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण हवं, ही तिकडच्या गिऱ्हाइकाची अट. ते देणारी मी.

खर्डा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना तुरीची रानं लागली. ईटला उतरले तर हवेत खव्याच्या भट्ट्यांचा गोड वास होता. मी खुशीत कारखान्यात शिरले.

शकीलाबी तिथे वर्षानुवर्षं कात्रीनं कापड कापत होत्या. आता विजेवर चालणारं पातं आलं होतं. ते चालवायला शिकल्या तरच त्यांचं काम टिकणार होतं. मी त्यांच्या डाव्या हातात मोजा चढवला आणि बजावलं, "याच्याशिवाय पात्याजवळ हात न्यायचा नाही."

"ह्यो हितंच ऱ्हाणार न्हवं?"

"राहणार की!" मी तोंड वर करून सांगितलं. खरं तर तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावीही, गिऱ्हाइकाला दाखवायच्या फोटोसाठी लागणार होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच.

दुपारी त्यांनी मला आपल्या डब्यातली भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) वाढलं. "जपून म्याडम, लई तिखट हाय. पुण्याची जीभ भाजंल," म्हणून हसल्या. मी दोनदा मागून घेतलं. मग फोटो निघाले, प्रमाणपत्रं वाटली आणि मोजा हळूच बॅगेत गेला.

संध्याकाळी शकीलाबी मला थांब्यावर गाठायला आल्या, खव्याचा पुडा घेऊन. तो ठेवायला मी बॅग उघडली आणि मोजा वरच दिसला.

"चुकून आला व्हय?" त्यांनी हात पुढं केला.

"नाही... पुढच्या गावाला लागतो." माझी मान वर होईना.

त्यांनी हात मागं घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग उद्या मशीन चालवू का नको? तेवढं तरी सांगून जावा."

नको म्हटलं तर त्यांचं काम जाणार, चालवा म्हटलं तर बोटं. एसटी आली. मोजा त्यांच्या हातात द्यायला कितीसा वेळ लागला असता? मी नुसती चढले.

पुण्यात पोचून सकाळी चहा टाकला. खव्याचा पुडा तसाच होता, मोजाही. घड्याळात कारखान्याची वेळ झाली. शकीलाबी आता पात्यासमोर उभ्या असतील.