गोष्टीत नसलेला मामा

काल मोलकरणीनं फिनाइल जरा जास्तच ओतलं आणि त्या वासासरशी मी मनानं रायपूरच्या त्या जुन्या दवाखान्यात जाऊन बसलो. तेव्हा राज्य नवं, राजधानी नवी, मी जावईही नवाच. आत बायकोचं ऑपरेशन चाललेलं. बाहेर बाकावर मी आणि अकोल्याहून आलेल्या सासूबाई. बायकोनं गोल बाजारातून आणलेली हलकीफुलकी रहस्यकथा मी पेपरात लपवून वाचत होतो. कथा-कादंबऱ्या बायकांनी वाचायच्या, असा माझा तेव्हा तोरा होता.

“जावईबापू, पान काहून पलटत नाही? जोरानं वाचा, मलेबी ऐकू द्या.”

वाचू लागलो. लग्नघरातला हार चोरीला गेला होता आणि एक आत्याबाई जिलेबी खातखात चोर शोधत होत्या.

“मामानंच चोरला,” सासूबाईंनी ठणकावलं.

गोष्टीत मामा नव्हताच. जावयानं सासूला काय सांगावं? मी वाचत राहिलो.

मग दार उघडून नर्स म्हणाली, “भैया, सब ठीक है. घबराओ मत.”

सासूबाई पदरात तोंड घालून रडल्या, नाक पुसलं, सावरून बसल्या.

“आता पयलेपासून वाचा,” त्या म्हणाल्या. “मघा एक अक्षर कानात शिरलं नाही.”

माझ्याही नव्हतं शिरलं. पेपर बाजूला ठेवून मी पहिलं पान उघडलं.