एक पेला काकवी

रत्नागिरीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कोणत्याही प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत निघते, अशी माझी समजूत होती. त्या भाद्रपदात शेजारच्या काकूंनी मुंबईच्या एका मासिकाच्या पाककृती स्पर्धेला धोंडस पाठवायचे ठरवले. तवसे, म्हणजे पावसाळी मोठी काकडी, किसून, तांदळाच्या रव्यात काकवी घालून, वर-खाली निखारे ठेवून भाजलेले त्यांचे धोंडस साऱ्या वाडीला ठाऊक होते. बक्षिसाची त्यांना आस नव्हती. लग्नानंतरचे आपले नाव त्यांनी कुठेच छापलेले पाहिले नव्हते. ते एकदा पाहायचे होते. मासिकाची अट मात्र कडक: सारे साहित्य ग्रॅममध्येच हवे.

काकूंचे माप एकच, पितळी पेला. रवा आणि तवशाचा कीस मी वाण्याकडे तोलून आणला. काकवी पातळ, तेव्हा तिला तराजू कशाला? पेल्यात दोनशे मिलिलिटर पाणी मावले आणि मी ठामपणे लिहिले: काकवी, दोनशे ग्रॅम.

पाकीट चिकटवण्याआधी काकूंनी कागदाबरहुकूम एकदा करून पाहायचे म्हटले. वाण्याने तोलून दिलेली दोनशे ग्रॅम काकवी त्यांनी पेल्यात ओतली. पेला पाऊणही भरला नाही. मी लगेच वाण्याला दोष दिला.

"त्याचा काटा बरोबर आहे गो," काकू म्हणाल्या. "पाण्याची कळशी उचल, नि मग काकवीची उचल. कॉलेजात हे शिकवत नाहीत काय?"

शिकवत होते. घनतेचा प्रयोग माझ्या वहीत सुबक अक्षरांत उतरलेला होता. दुसऱ्या दिवशी काकवीची बाटली घेऊन मी प्रयोगशाळा गाठली. आधी रिकामे चंचुपात्र तोलले, मग त्यात पेलाभर काकवी ओतून तोलले. वजाबाकी आली दोनशे ऐंशी. आता घनता मोजणे हे माझे रोजचे काम आहे. तरी कोणतीही बाटली मी आधी हाताने उचलून पाहते.

खाडाखोडीचा कागद काकूंना चालला नाही. सारी कृती पुन्हा लिहून, धावत जाऊन मी ती पोस्टात टाकली.

दिवाळीनंतर अंक आला. बक्षीस नव्हते, पण शेवटच्या पानांत धोंडस होते आणि खाली काकूंचे नाव. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचले. मग पाने उलटून पहिल्या बक्षिसाची कृती काढली.

"हिने साखर तोलली खरी," त्या म्हणाल्या, "पण घालायची केव्हा, ते लिहिलंच नाही."